मधुमेह, बसणे आणि पायांतले बळ

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबबाहेर सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते. त्यातल्या जुन्या मधुमेहींना आपले आकडे तोंडपाठ असतात: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांचा अंदाज देणारे एचबीए१सी. हाताचा आधार न घेता खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, हे मात्र त्यांना कुणी विचारलेले नसते. टाइप २ मधुमेहात दिवसभराच्या बसण्याने काय होते, यावर गेल्या दोन दशकांत बरेच संशोधन झाले. त्यातले बहुतेक साखरेविषयी आहे. माणसाचे चालणे, जिना चढणे, जमिनीवरून उठणे, तोल सांभाळणे, म्हणजे एकूण शारीरिक कार्यक्षमता, या चर्चेत उशिरा आली. ही चर्चा आज कुठवर पोहोचली आहे आणि लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या या पट्ट्यात तिचा अर्थ काय लागतो, हे इथे पाहायचे आहे.

प्रश्नाची पार्श्वभूमी

बसण्याच्या आरोग्यशास्त्राची सुरुवात बहुतेक जण १९५३ पासून धरतात. त्या वर्षी जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर स्टिअरिंगमागे बसणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढची चार-पाच दशके या निष्कर्षाचा अर्थ ‘व्यायाम करा’ एवढाच घेतला गेला. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हे सूत्र त्यातूनच रुजले.

बसणे हा व्यायामाच्या अभावाहून वेगळा विषय आहे, हे मत साधारण २००० नंतर पुढे आले. आता सर्वमान्य झालेल्या व्याख्येनुसार जागेपणी बसून, रेलून किंवा पडून घालवलेला आणि विश्रांतीच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा न लागणारा वेळ म्हणजे बैठा वेळ. झोप त्यात धरत नाहीत, उभे राहणेही नाही. त्यामुळे एकच माणूस एकाच वेळी ‘सक्रिय’ आणि ‘बैठा’ असू शकतो. रोज सकाळी मासुंदा तलावाभोवती पाऊण तास भरभर चालून मग रात्रीपर्यंत दहा तास खुर्चीत असणारा बँक कर्मचारी हे त्याचे उदाहरण. जुन्या मोजपट्टीवर तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. नवी मोजपट्टी त्याच्या उरलेल्या दिवसाबद्दलही विचारते.

इथले चित्र

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता; त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. राज्यात प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. शहरी भागात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के. याच अभ्यासातल्या शारीरिक हालचालींचे विश्लेषण २०१४ मध्ये आले. चार प्रदेशांतली मिळून ५४.४ टक्के माणसे निष्क्रिय गटात मोडत होती आणि शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते. फावल्या वेळात खेळ वा व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. संपूर्ण देशाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाखांवर गेली होती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम इथे विसरून चालत नाही. दिसायला सडपातळ, पण शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी भारतीय शरीररचना त्यांनी जगापुढे मांडली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बैठ्या आयुष्याची चर्चा करताना मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असलेल्या माणसाला ती आणखी कमी करणे परवडत नाही.

आता या पट्ट्याकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि इथल्या दिवसाला गाडीचा आकार येत गेला. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. यातले लाखो लोक रोज मुंबईला जातात आणि त्यांचा दिवस संशोधनातल्या ‘बैठ्या कर्मचाऱ्या’च्या चौकटीत नीट बसत नाही. डोंबिवलीहून जलद लोकलने सीएसएमटीला पोहोचायला साधारण तासभर लागतो आणि तो वेळ बहुतेकांचा उभ्यानेच, कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून जातो. जागा मिळावी म्हणून आधी उलट कल्याणला जाऊन बसून येणारेही आहेत. त्यात घर ते स्टेशन, पुलाचे जिने, फलाटावरची धावपळ आणि पलीकडच्या स्टेशनापासून ऑफिस मिळवले, की कुणी न सांगता रोजची काही हजार पावले पडतात. त्यानंतर मात्र आठ-नऊ तास खुर्ची.

म्हणून निवृत्तीचा दिवस या पट्ट्यात शरीराच्या दृष्टीने फार मोठा बदल घेऊन येतो. पास संपतो आणि त्याबरोबर जिने, पूल आणि चालणेही संपते. साठीच्या आसपास, मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा झालेला असताना हे घडते. २०२० नंतर घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत तेच चाळिशीत घडले.

घरेही बदलली. नौपाड्यातल्या आणि डोंबिवली पूर्वेच्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती पुनर्विकासात जाऊन टॉवर उभे राहिले. घोडबंदर रोडवरची संकुले तर पहिल्यापासूनच लिफ्टवाली. जमिनीवर पाटावर बसून जेवणे गेले, भारतीय पद्धतीचे शौचालय गेले, विळीवर भाजी चिरणे गेले. गुडघेदुखीच्या माणसाला या सोयींनी खरा दिलासा दिला, हे मान्यच करायला हवे. पण जमिनीपर्यंत जाऊन पुन्हा उठण्याचे दिवसातले दहा-वीस प्रसंगही त्यांच्यासोबत गेले.

साखरेची बाजू

पुराव्याचा भक्कम भाग इथे आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्यांचे. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनचा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मात्र स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेण्याचा एक वेगळा मार्ग उघडतो आणि त्याला इन्सुलिनची गरज लागत नाही. बसलेल्या माणसात हा मार्ग जवळजवळ बंद असतो.

मेलबर्नच्या बेकर संस्थेतल्या डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या १९ प्रौढांवर प्रयोग केला. सलग पाच तास बसण्याऐवजी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे रमतगमत चालल्यावर जेवणानंतरची साखरवाढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. वेग थोडा वाढवल्यावर सुमारे ३० टक्क्यांनी. प्रत्यक्ष मधुमेहींवरचा प्रयोग त्याच संस्थेतून पॅडी डेम्पसी यांनी २०१६ मध्ये मांडला. २४ रुग्णांनी दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे एकतर सावकाश चालायचे, किंवा जागच्या जागी अर्ध्या उठाबशा, टाचा उचलणे, गुडघे उचलणे असे साधे प्रकार करायचे. दोन्ही पद्धतींनी साखरवाढ जवळपास सारखीच, सुमारे दोन पंचमांशाने उतरली. फायदा मिळवायला चालायला जागा असायलाच हवी असे नाही, हा यातला मोठा धडा. डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्येही टाचा उचलता येतात.

मराठी घरांत शतपावली सांगितली जाते, तिला २०१६ मधल्या न्यूझीलंडच्या एका अभ्यासाने पाठबळ दिले. ४१ मधुमेहींना दिवसातून एकदा केव्हाही तीस मिनिटे, किंवा तिन्ही मुख्य जेवणांनंतर प्रत्येकी दहा मिनिटे चालायला सांगितले. एकूण चालणे सारखेच. तरी जेवणानंतर चाललेल्यांची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. रात्री नऊ-साडेनऊला घरी पोहोचून जेवणाऱ्या आणि लगेच आडवे होणाऱ्या चाकरमान्यांसाठी हा शेवटचा आकडा फार मोलाचा आहे.

या सगळ्याला मर्यादा आहेत. असे प्रयोग बहुतेक एक-दोन दिवसांचे, प्रयोगशाळेतले आणि मोजक्या माणसांवरचे असतात. बसणे मधूनमधून मोडत राहिल्याने वर्षभरात एचबीए१सी किती उतरते, डोळे आणि मूत्रपिंडे किती वाचतात, याचे उत्तर एवढ्यावरून मिळत नाही.

पायांची बाजू

मधुमेहात स्नायूंची ताकद वयाच्या मानाने लवकर घटते, हे आता पक्के आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या ‘हेल्थ एबीसी’ अभ्यासात २००७ मध्ये दिसले, की टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या गुडघ्याची ताकद तीन वर्षांत इतरांपेक्षा वेगाने उतरली. इन्सुलिनचा अवरोध, सततचा सौम्य दाह आणि पायांच्या नसांना झालेली इजा अशी अनेक कारणे एकत्र येतात. नसा बधिर झालेल्या माणसाला पाय जमिनीवर नेमका कुठे पडला ते कळत नाही. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर याचा अर्थ काय होतो, हे त्याच्या घरच्यांना माहीत असते.

मोजण्याची साधने स्वस्त आणि सोपी आहेत. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे, चालण्याचा वेग सेकंदाला एका मीटरपेक्षा कमी असणे, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा अधिक लागणे ही धोक्याची खूण मानतात. शेवटच्या चाचणीला एक खुर्ची आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते.

बसण्याने ही कार्यक्षमता घटते का? पाहणीत दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात: जास्त बसणारे मधुमेही सावकाश चालतात, त्यांना उठायला वेळ लागतो. पण कारण कुठले आणि परिणाम कुठला? ज्याचे गुडघे दुखतात, तळपायांना मुंग्या येतात, चार पावलांत दम लागतो, तो बसणारच. एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांतून हा गुंता सुटत नाही.

काही प्रयोग मात्र एक दिशा दाखवतात. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ज्येष्ठांना दोन आठवडे दिवसाला हजाराहून कमी पावले चालायला लावले. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद घटला, स्नायूंची घडणही मंदावली आणि पुढचे दोन आठवडे पूर्ववत चालूनही सगळे भरून आले नाही. हे वाचताना मला आपला जुलै आठवतो. संततधारेत ज्येष्ठ मंडळी दहा-पंधरा दिवस घराबाहेर पडत नाहीत. सकाळच्या मंडळींनी गजबजणारा कल्याणचा काळा तलाव आणि ठाण्याचे उपवन त्या काळात ओस असतात. दर वर्षीचा हा खंड शरीर पूर्ण भरून काढते की नाही, हा आपल्याकडचा खराखुरा प्रश्न आहे.

उलट दिशेचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या मोठ्या चाचणीत आहार आणि व्यायामाच्या कसून केलेल्या कार्यक्रमाने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. २०१३ मध्ये हा निकाल आला तेव्हा अनेकांची निराशा झाली. पण त्याच्या वर्षभर आधी, त्याच चाचणीतल्या पाच हजारांहून अधिक मधुमेहींच्या चार वर्षांच्या नोंदींवरून हालचालीची क्षमता गमावण्याचा धोका ४८ टक्क्यांनी घटल्याचे जाहीर झाले होते. या दुसऱ्या निकालाची चर्चा फारच कमी झाली. युरोपातल्या ‘मिड-फ्रेल’ चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या, अशक्त झालेल्या ९६४ मधुमेहींना ताकदीचे व्यायाम आणि आहाराचे शिक्षण दिले. एका वर्षाने त्यांच्या चालण्या-उठण्याच्या गुणांत अर्थपूर्ण सुधारणा दिसली. दोन्हींत व्यायाम वाढवला होता. निव्वळ बसणे कमी करून पायांत बळ येते, असे त्यांतून सिद्ध होत नाही.

मतांचे प्रवाह

इथे अभ्यासकांच्या वाटा फुटतात. एक गट म्हणतो, आधी बसणे मोडा. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. पन्नाशीतला, वजन वाढलेला, कधीच व्यायाम न केलेला माणूस जिममध्ये जाणार नाही. दर अर्ध्या तासाने उठणे मात्र त्याला जमेल. शिवाय अशक्त माणसासाठी खुर्चीतून उठणे हाच मांडीच्या स्नायूंचा व्यायाम असतो. त्यांच्या बाजूने रोमच्या तीन मधुमेह केंद्रांतला २०१९ चा अभ्यास आहे. ३०० रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे नियमित समुपदेशन मिळाले, तेव्हा त्यांचे बसणे घटले, हलकी हालचाल वाढली आणि हा बदल टिकला.

दुसरा गट व्यायामावर भर देतो. दहा लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी एकत्र करून उल्फ एकेलुंड यांनी २०१६ मध्ये दाखवले, की रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करणाऱ्यांमध्ये जास्त बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका उरत नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीमुळे ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा नियम घरोघरी पोहोचला, तोही याच धाटणीचा. अर्थात ती चर्चा मुख्यतः दोन वेळच्या जेवणाभोवती फिरली आणि चालण्याकडे कमी लक्ष गेले.

तिसरा विचार ताकदीचा. चालण्याने दमसास वाढतो, पण झिजलेला स्नायू परत येण्यासाठी वजन किंवा रबरी पट्टे ओढण्यासारखे अवरोधी व्यायाम लागतात. २०१० च्या एका अमेरिकी चाचणीत चालणे आणि ताकदीचे व्यायाम मिळून केल्यावर एचबीए१सी सर्वांत चांगले उतरले. याज्ञिकांनी दाखवलेली शरीररचना लक्षात घेतली तर भारतीयांसाठी या विचाराला जास्त वजन द्यावे, असे मला वाटते. आपल्या बागांत सकाळी चालणारे पुष्कळ दिसतात, ताकदीचा व्यायाम करणारे ज्येष्ठ फार थोडे.

हे तीनही प्रवाह एकमेकांना छेद देत नाहीत; भांडण प्राधान्याचे आहे. अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांच्या २०२२ च्या संयुक्त अहवालात बसणे, पावले, घाम आणणारे श्रम, ताकद आणि झोप हे सगळे चोवीस तासांच्या एकाच चित्रात मांडले आहे. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकन संघटनेने दर अर्ध्या तासाने बसणे मोडण्याची सूचना केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये बसणे कमी करा असे सांगितले, पण नेमके किती तास धोक्याचे, हा आकडा पुरेशा पुराव्याअभावी दिला नाही. भारतीय तज्ज्ञांच्या २०१२ च्या सहमतीत रोज ६० मिनिटे हालचाल सुचवली आहे.

दवाखान्यात काय पोहोचते

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरतात. त्यात आठवड्याला १५० मिनिटे हालचाल होते का, असा प्रश्न आहे. उभे राहताना वा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, हे प्रश्न साठीपुढच्यांसाठी आहेत. भारतीयांना मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दशकभर आधी गाठतो, हे धरले तर पायांविषयीचे प्रश्न मधुमेहीला पन्नाशीतच विचारले जायला हवेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात पाच वेळा उठण्याच्या चाचणीपुरती खुर्ची असतेच. गर्दीत एका रुग्णामागे आणखी एक मिनिट काढणे सोपे नाही, हेही तितकेच खरे.

सुरक्षिततेचा मुद्दा घाईने आवरता येत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर हालचाल वाढवल्यावर खाली जाऊ शकते. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली तर खायला काही मिळत नाही, म्हणून खिशात ग्लुकोज हवे. बधिर पायांच्या रुग्णांना पूर्वी चालायला मनाई केली जाई. २००८ च्या ‘फीट फर्स्ट’ चाचणीत देखरेखीखाली चालणे वाढवल्याने जखमा वाढल्या नाहीत, तेव्हा हे मत सैल झाले. पण ही मोकळीक योग्य पादत्राणे घालून आणि रोज तळपाय तपासूनच घ्यायची.

जागेचा प्रश्नही वैद्यकाइतकाच मोठा आहे. चेन्नईच्या एशियाड कॉलनीत रहिवाशांनी स्वतः पैसे उभारून बाग केली. तेव्हा आठवड्यात तीनहून अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून जवळपास ५९ टक्क्यांवर गेले. फेरीवाले, दुचाक्या आणि खोदकाम यांतून उरलेल्या आपल्या पदपथांवर साठीच्या मधुमेहीने शतपावली कुठे घालावी, हे डॉक्टर ठरवू शकत नाही. ते पालिकेच्या हाती आहे.

जे अजून सुटलेले नाही

लोकलमध्ये उभे राहणे हे या पट्ट्याचे खास कोडे. व्याख्येनुसार तो वेळ बैठा नाही आणि हालचाल मोजायला मांडीला लावलेले यंत्र त्याची नोंद उभे राहणे अशीच करील. तासभर हलताही न येता उभे राहणे पोटऱ्यांना ताकद देते, की नसा बधिर झालेल्या पायांवर नुसता भार टाकते? निव्वळ उभे राहण्याचा साखरेवरचा परिणाम अभ्यासांत कधी दिसतो, कधी दिसत नाही.

घरी असलेल्या स्त्रियांचे मोजमापही अवघड आहे. ओट्याशी उभे राहणे, केर-लादी, कपडे हे सगळे प्रश्नावलीत अनेकदा नोंदले जात नाही. उलट मुले मोठी झाल्यावर आणि कामाला बाई आल्यावर दुपारचे तास किती बैठे झाले, तेही निसटते. आठवणीवर विसंबलेली प्रश्नावली बसण्याचा वेळ हमखास कमी दाखवते.

नवा प्रश्न औषधांचा आहे. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले आणि वजन झपाट्याने उतरवणारी औषधे इथल्या मध्यमवर्गाच्या बोलण्यात आली. उतरलेल्या वजनातला साधारण पाव ते दोन पंचमांश भाग चरबीचा नसतो, तो स्नायूंसह इतर ऊतींचा असतो. वजन उतरल्याने गुडघ्यांचा भार हलका होतो आणि चालणे सुधारते, असे एक मत. मुळात स्नायू कमी असलेल्या भारतीय मधुमेहीच्या बाबतीत हिशेब उलटू शकतो, असे दुसरे. औषध सुरू करण्याआधी आणि सहा महिन्यांनी वजनासोबत खुर्चीतून उठण्याचा वेळही नोंदवला, तर या वादाचे उत्तर मिळवायला लागणारी माहिती आपल्याच दवाखान्यांच्या केसपेपरवर जमू लागेल.